मागच्या बाकावरची मेथी

परब बाईंनी माझ्या शिकवण्याचं तोंडाने कधी कौतुक केलं नाही. ते मला मेथीवरून ओळखावं लागायचं.

घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागले. शिक्षणसेवक म्हणजे पगार अर्धा, काम दीडपट आणि कायम होईपर्यंत जीव टांगणीला. अशा नव्या माणसाला एक जुना, मुरलेला मार्गदर्शक शिक्षक द्यायची पद्धत आमच्या संस्थेने सुरू केली होती आणि माझ्या वाट्याला परब बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात माझा विज्ञानाचा तास चालू असताना त्या मागच्या दाराने आत आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि शांतपणे निवडायला लागल्या. माझा खडू हवेतच राहिला. पोरं मात्र ढिम्म. शेजारच्या मुलीने तर दप्तर उचलून पिशवीला जागा करून दिली, कारण त्यांना याची सवय होती. मलाच नव्हती.

मी तास नेटाने पुढे रेटला. तक्ते आणले होते, रंगीत खडू आणले होते, घरी आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं होतं. घंटा झाली तेव्हा बाईंची जुडी संपली होती. नुसती पानं खुडून झाली नव्हती, कोवळ्या काड्या वेगळ्या, जून काड्या वेगळ्या, पिवळी पानं वेगळी, आणि वर्तमानपत्रातली माती झटकून त्यांनी त्याची घडीसुद्धा घातली होती. मला वाटलं, वा, बाई भलत्याच कामसू आहेत. स्टाफरूममध्ये आल्यावर पीटीचे खोत सर खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "काय मॅडम, जुडी किती उरली?"

"उरली कुठे? सगळी झाली."

खोत सरांनी कपाळावर हात मारला. "वाट लागली."

मग त्यांनी मला ती विद्या समजावली. तास रंगला की बाईंचे हात थांबतात. जुडी अर्धी उरली तर झकास, पाव उरली तर बरा, आणि पूर्ण निवडून झाली तर घरी जाऊन विचार करा. खोत सर पीटीसोबत इतिहासही शिकवायचे. बाई अधूनमधून त्यांच्याही तासाला बसत, पण मेथी आणतच नसत, मोड आलेले वाल आणत. वालाची सालं काढत बसणं किती वेळखाऊ काम आहे ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. "माझ्या एका तासात यांच्या घरची उसळ तयार होते," असं खोत सर स्वतःच सांगायचे. वर म्हणायचे, "एकदा मी लढाईचं वर्णन करताना त्यांनी वाल खाली ठेवला होता हां. एकच वाल, पण ठेवला."

मुलं बाईंना पाठीमागे मेथीबाई म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. मुलुंडला स्टेशनबाहेर सकाळी भाजी घ्यायची, शाळेत निवडायची आणि संध्याकाळी घरी जाऊन थेट फोडणीला टाकायची, असा त्यांचा शिरस्ता होता. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, वर्गात भाजी का हो?"

"हात रिकामे ठेवून मागे बसले ना, की नव्या शिक्षकाच्या पोटात गोळा येतो," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं, ही आता माझ्या चुका काढणार. हातात भाजी असली की त्याला वाटतं, म्हातारीचं लक्ष नाही. मग तो नीट शिकवतो." मग म्हणाल्या, "आणि घरी गेल्यावर कोण निवडणार? तू येणार आहेस?"

लक्ष मात्र पुरेपूर असायचं. तास संपला की त्या एकच प्रश्न विचारायच्या, अगदी ठरलेला. "आज कोण गप्प होतं?"

पहिल्या दिवशी मी छाती पुढे काढून सांगितलं, "सगळेच शांत होते, बाई."

"शांत नाही विचारलं गो. गप्प विचारलं. शांत म्हणजे ऐकतंय. गप्प म्हणजे बोलायचंय, पण तोंड उघडत नाहीये." आणि पिशवी उचलून गेल्या. बस्स, एवढंच मार्गदर्शन. फळ्यावरचं अक्षर वाकडं होतं का, आवाज मागे पोचला का, तक्ते कसे वाटले, अवाक्षर नाही. मला इतका राग आला होता सांगू. मी बीएडला वर्गात पहिली आलेली मुलगी. मला वाटलं, ह्यांना स्वतःला काही सांगता येत नाही म्हणून हा एक प्रश्न पाठ करून ठेवलाय.

पण प्रश्न चुकायचा नाही, आणि उत्तर द्यावंच लागायचं. मग मी सोपी वाट काढली. रोज हजेरीतलं एक नाव ठोकून द्यायचं. "आज संकेत गप्प होता, बाई."

"का?"

"लाजाळू आहे जरा."

"असेल. आज तो शाळेतच आला नाही."

त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. आणि त्याच आठवड्यात, चिडून का होईना, मी शिकवताना पहिल्यांदा मुलांच्या तोंडांकडे बघायला लागले. तोवर मी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीला शिकवत होते, हे माझं मलाच कळलं नव्हतं. हळूहळू दिसायला लागलं. कोणाचे ओठ हलतात आणि मिटतात, कोणाचा हात खांद्यापर्यंत येतो आणि केस खाजवून परत जातो. एक दिवस मी अशाच एका मुलाला थांबून विचारलं आणि त्याने असं काही भन्नाट सांगितलं की वर्ग दहा मिनिटं त्याच्याभोवती फिरत राहिला. घंटा झाल्यावर मी आधी मागच्या बाकाकडे धावले. वर्तमानपत्रावर पाव जुडी तशीच होती. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

असं चाललं होतं, तेवढ्यात संस्थेला मूल्यमापनाचा झटका आला. शिक्षकांचं मूल्यमापन होतं, विद्यार्थ्यांचं होतं, मग मार्गदर्शकांचं का नको, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. त्यात बाईंचं मोठंच काही अडकलेलं होतं. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. संस्थेने कळवलं की निवृत्तीनंतरही मार्गदर्शक म्हणून ठेवायचं की नाही, ते या मूल्यमापनावर ठरेल. बाई एरवी स्वतःबद्दल बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "घरी बसून मी काय करू गो? सूनबाई चांगली आहे, मुलगा चांगला आहे. पण त्यांना कोण गप्प आहे विचारलं तर म्हणतात, आई, तुम्ही आराम करा." त्यांना राहायचं होतं. आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांनाच त्या राहायला हव्या होत्या, ज्यांच्या तासाला वाल सोलले जायचे त्या खोत सरांनासुद्धा.

मूल्यमापनाच्या मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, हातात टॅब, बोलायला गोड, कामाला चोख. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं म्हटलं तरी मला जमणार नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "मॅम, तुम्ही मेंटीला, म्हणजे ह्यांना, फीडबॅक कसा देता?"

"विचारते."

"काय विचारता?"

"आज कोण गप्प होतं."

मॅडमची बोटं टॅबवर थांबली. "आणि?"

"आणि काय?"

"म्हणजे, इतर मुद्दे? पाठाची उद्दिष्टं, वेळेचं नियोजन, साधनांचा वापर?"

"तेवढं ती बघते. तिला पगार मिळतो," बाई म्हणाल्या.

हेडसरांनी घाम पुसला. मग मार्गदर्शन चालू असल्याचा पुरावा म्हणून फोटो हवा होता, ठिकाण आणि वेळ छापून येणारा. हेडसरांनी स्वतः काढला. फोटोत मध्यभागी लाल माठाची टोपलीभर पानं, मागे परब बाई आणि एका कोपऱ्यात माझा कान. दुसऱ्यांदा काढताना त्यांनी बाईंच्या हातात एक फाइल दिली. बाईंनी ती अशी काही धरली की आता हिचेही देठ मोडतील असं वाटावं. तिसऱ्या वेळी हेडसर म्हणाले, जाऊ दे, पहिलाच बरा आहे.

खरी परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. मी पाठ घ्यायचा, बाईंनी मागे बसायचं आणि मॅडमनी त्यांच्या शेजारी बसून दोघींकडे बघायचं. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये बैठक झाली आणि एकमताने ठरलं की उद्या काहीही झालं तरी भाजी दिसता कामा नये. सकाळी बाई दारात दिसल्याबरोबर खोत सरांनी "द्या बाई, ओझं कशाला वागवता," म्हणत पिशवी काढून घेतली आणि पीटीच्या कपाटात लेझमांच्या मागे ठेवून कुलूप घातलं. बाईंना कळलं सगळं. पण आमची तोंडं बघून निमूट वर्गाकडे निघाल्या.

आम्हा शहाण्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. बाईंच्या हातांशिवाय मला शिकवायची सवय राहिलेली नव्हती. सहावीचा वर्ग, विषय हवेचे गुणधर्म. सुरुवात झाली, मी सवयीने मागे पाहिलं, आणि दोन रिकामे हात बाकावर पालथे पडलेले. चाललंय का, बुडतंय का, काही कळेना. गाडी चालवताना आरसाच काढून टाकल्यासारखं झालं. घाबरून मी पुन्हा पलीकडच्या भिंतीला शिकवायला लागले. फुगा फुगवला, तराजूला लावला, हवेला वजन असतं म्हटलं. मुलं शहाण्यासारखी मान डोलावत होती. मॅडम टॅबवर टकटक करत होत्या. सगळं कसं आदर्श आणि मेलेलं.

तेवढ्यात माझं लक्ष मागे गेलं. शाळेने मॅडमना स्वागताला फुलांचा बुके दिला होता. मॅडमनी तो बाकावर मध्ये ठेवला होता, आणि परब बाई, फळ्याकडे बघत, अगदी तल्लीन होऊन, त्यातल्या शोभेच्या हिरव्या काड्यांची पानं खुडत होत्या. पानं डावीकडे, काड्या उजवीकडे. हेडसर दारात उभे राहून खुणा करत होते. बाईंचं लक्ष नव्हतं, मॅडमचंही नव्हतं, कारण त्या टॅबमध्ये होत्या. मला मात्र एकदम हायसं वाटलं. हात चालू आहेत, म्हणजे तास पडतोय. आता निदान कळत तरी होतं.

मी फुगा खाली ठेवला आणि तोंडं बघायला लागले. "शुद्ध हवेला रंग नसतो, चव नसते, वास नसतो," मी म्हटलं, आणि तिसऱ्या बाकावर दिव्याचे ओठ हलले आणि मिटले. दिव्याचं घर माहुलला, तेलाच्या कारखान्यांशेजारी गेलं होतं, पण शाळा बदलायला ती तयार झाली नव्हती म्हणून रोज तिथून यायची. वर्षभरात तिने हजेरीशिवाय काही बोललेलं मला आठवत नव्हतं.

"दिव्या, काय म्हणालीस?"

"काही नाही, बाई."

"म्हणालीस. मला ऐकायचंय."

ती उभी राहिली. "आमच्याकडच्या हवेला वास असतो, बाई. सकाळी सुक्या बोंबलाचा. दुपारी तेलाचा. रात्री वारा फिरला की दोन्हीचा."

वर्ग हसला, पण मग जो काही सुटला. आमच्या गल्लीत डोशाच्या बटरचा वास असतो. आमच्या नाल्याजवळ तर विचारूच नका, बाई. मेट्रोत एसीचा असतो. आजीच्या खोलीत बामचा असतो. मी विचारलं, मग पुस्तक खोटं बोलतंय का? वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणे, पुस्तक खोटं. दुसरा म्हणे, पुस्तकवाले माहुलला आलेच नाहीत. वाद चांगलाच पेटला. शेवटी दिव्याच म्हणाली, "बाई, वास हवेचा नसेल. बोंबलाचाच असेल. हवा नुसती घेऊन येत असेल." मी फळ्याला टेकून उभी राहिले. मला बोलायची गरजच नव्हती. मॅडमनी टॅब कधीचा मांडीवर उलटा ठेवला होता. आणि त्यांच्या शेजारी बुके अर्धा बोडका झालेला, अर्धा तसाच, त्यावर बाईंचे हात थांबलेले.

मी जिंकले असं मला वाटलं. स्टाफरूममध्ये खोत सरांनी पिशवी समारंभपूर्वक परत केली.

पुढच्या आठवड्यात हेडसरांनी आम्हाला दोघींना बोलावून अहवाल वाचून दाखवला. पाठ उत्कृष्ट. शिक्षिकेचं मुलांकडे असामान्य लक्ष. शिक्षिका स्वतंत्रपणे काम करायला पूर्ण समर्थ, सेवेत कायम करायला हरकत नाही. मार्गदर्शक पाठाच्या वेळी अन्य कामात मग्न होत्या. सबब सदर शिक्षिकेला मार्गदर्शकाची गरज दिसून येत नाही आणि मार्गदर्शकपद पुढे चालू ठेवण्याचं कारण दिसत नाही. शेवटची ओळ वाचून हेडसरांनी कागद उलटा ठेवला.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, अहो ते सगळं त्यांनीच केलंय. मी मुलांकडे बघते ते त्यांच्यामुळे."

"मला पटतंय हो," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज पडलेला होता. "मलाही तो तास फार आवडला. पण त्यांनी केलेलं कुठेतरी दिसायला हवं होतं ना. माझ्याकडे त्याला रकाना नाही. मी पुन्हा विचारून बघते." त्यांनी नंतर विचारलंही. काही झालं नाही.

मी फोन ठेवला तेव्हा बाई हसल्या. अगदी मोकळ्या हसल्या. "बरोबर लिहिलंय की. पडवळाचा वेल मांडवावर चढला की काठी काढूनच घेतात. नाहीतर काठी लावली कशाला?" मला म्हणाल्या, "तू कायम झालीस. आईला फोन कर." मला तेव्हा रडायला येत होतं, आणि माझं काम चोख झालं म्हणून यांचं गेलं या विचाराने स्वतःचा रागही येत होता. बाई मात्र चहा मागवायला निघून गेल्या. पण त्या दिवसानंतर त्या कोणाच्याच तासाला मागे येऊन बसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत खोत सर उगाच विचारायचे, "बाई, वाल नाही आणले?" बाई म्हणायच्या, "हल्ली घरात कोणी खात नाही."

निरोप समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, मोगऱ्याचा हार. हेडसर बोलले, सचिव बोलले. खोत सरांनी तर लढाईचंच वर्णन केल्यासारखं भाषण केलं, आणि मध्येच खाली बसले. बाईंची पाळी आली. त्या उठल्या, म्हणाल्या, "सगळ्यांचे आभार. चहा गार होतोय," आणि बसल्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

सगळे गेल्यावर मी त्यांना शोधत गेले. माझ्या वर्गात, मागच्या बाकावर बसलेल्या होत्या. हार बाजूला काढून ठेवलेला, पिशवी मांडीवर. मला बघून विचारलं, अगदी नेहमीच्या आवाजात, "काय गो, आज कोण गप्प होतं?"

"तुम्ही, बाई."

त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. मग पिशवीतून मेथीची जुडी काढली, वर्तमानपत्र माझ्या मांडीवर पसरलं आणि जुडी माझ्या हातात दिली. "धर. तू निवड. आज मी बोलते."

आणि त्या बोलायला लागल्या. दुसरीत असताना कोकणातून मुंबईला आल्या होत्या. वर्गात तोंड उघडलं की मालवणी बाहेर पडायचं आणि पोरं हसायची, म्हणून त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं. "आमच्या बाई सगळ्यांना सांगायच्या, परबांची मुलगी बघा किती शांत. वर्षभर शाबासकी देत होत्या गो मला. मी गप्प होते, शांत नव्हते. एकदा कोणी विचारलं असतं ना." मग मुलाबद्दल बोलल्या, गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलल्या, दिव्याच्या बोंबलांची आठवण काढून हसल्या. आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "माका जावचा नाय गो," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत शाळेत त्यांच्या तोंडून मालवणीतलं एवढं अख्खं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांचा हात धरला आणि त्या बोलत राहिल्या, अंधारून आलं तरी, खाली शिपाईकाका गेटाची साखळी वाजवायला लागले तरी.

शेवटी त्या उठल्या, शाल पिशवीत कोंबली आणि मेथीसाठी हात पुढे केला. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. अर्धी जुडी तशीच होती. बाईंनीही पाहिलं. मग त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली एकाच कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "राहू दे. उरलेली मी घरी निवडीन."